नवरीची गाडी आणि सहा फुगे

साडू गावातच, दोन घरं सोडून राहतो, याचं हौशीरामला कधी काही वाटलं नव्हतं. साडूनं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा हौशीराम स्वतः आठ दिवस स्लॅबवर पाणी मारायला गेला होता. पण गेल्या दसऱ्याला साडूच्या दारात ती पांढरी गाडी येऊन उभी राहिली आणि हौशीरामच्या ताटातली एक भाकरी कमी झाली. त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, चार दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, "अवो, पोटात दुखतंय का?"

"दुखत न्हाई," हौशीराम म्हणाला. "टिंगटिंग करतंय."

टिंगटिंग म्हणजे त्या गाडीचा आवाज. पट्टा लावला नाही की टिंगटिंग, दार नीट लागलं नाही की टिंगटिंग, मागं घेताना कोंबडी आडवी आली तरी टिंगटिंग. त्यांच्या भाजे गावाच्या रस्त्यावर मुंबईच्या पोरांच्या गाड्या शनिवार-रविवारी धडाडधूम गाणी लावून जातात, त्याचा हौशीरामला त्रास नव्हता. हा बारीक आवाज मात्र त्याच्या कानात कुसळासारखा जाऊन बसला.

आता हौशीराम कोण, ते सांगितलं पाहिजे. एक्केचाळीस वर्षं तो जीप चालवतोय. मळवली स्टेशनावर गाडी लागली की भाज्याची माणसं घ्यायची, बाजाराच्या दिवशी लोणावळा, पावसाळ्यात भुशी धरण. एका रविवारी भुशीच्या रस्त्यावर अशी कोंडी झाली की पुढं जायला वाट नाही आणि वळायला जागा नाही. हौशीरामनं अकरा माणसांसकट जीप मागच्या मागं काढली. लोक म्हणतात एक किलोमीटर, हौशीराम म्हणतो दीड. नक्की किती ते विचारायला जीपमधल्या बाईकडे गेलं, तर ती म्हणाली, मी डोळेच मिटून घेतले होते, मला विचारू नका.

त्याचे स्वतःचे नियम होते आणि ते त्याला कुणी लिहून दिलेले नव्हते. वळणावर दोनदा हॉर्न. चढावर येणाऱ्याला आधी वाट. पोटुशी बाई गाडीत असली की दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. किती माणसं बसवायची याचा नियम मात्र त्यानं केला नव्हता. तो जीपनंच केलेला होता. मागचं दार लागेनासं झालं की बास.

आणि नवऱ्या. भाज्यातून सासरी जाणारी पोरगी हौशीरामच्या जीपमधूनच जायची, हा रिवाजच पडला होता. त्रेचाळीस नवऱ्या त्यानं पोचवल्या. नवरी बसायची त्या जागेसमोर लोखंडी दांडी होती, तिला त्यानं लाल मखमल गुंडाळली होती. नवरीनं ती दोन्ही हातांनी धरायची. निघताना डाव्या चाकाखाली नारळ ठेवायचा आणि हौशीरामनं तो एका दमात, जीप न हिसडता फोडायचा. त्या दिवशी तंबाखूची पुडी रतनबाईकडे जमा. बायाबापड्या म्हणायच्या, हौशीराम असला की पोरगी सुखरूप पोचली म्हणून समजा.

आणि साडू? सीताराम सव्वीस वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. गाडी चालवायला शिकला चोपन्नाव्या वर्षी, लोणावळ्याच्या क्लासमध्ये, शेजारी मास्तर बसवून. मळवलीच्या फाटकात पहिल्याच आठवड्यात त्याची गाडी बंद पडली तेव्हा हौशीराम मागंच होता. तो मनापासून हसला. ते त्याचं दसऱ्यानंतरचं शेवटचं हसणं.

कारण माणसं सीतारामकडे जायला लागली. 'गाडी लई गुणी हाय' म्हणायची. सीताराम दारात उभा राहून सांगायचा, "भाऊ, धडक बसली ना, तर सहा फुगे फुगत्यात. म्होरून दोन, बाजूनं चार. माणूस फुग्यातच."

"मला फुगं लागत न्हाईत," हौशीराम म्हणायचा. "मी धडकतच न्हाई."

"पर दुसरा धडाकला तर?"

हौशीराम सरळ घरी निघून आला.

खरा घाव रतनबाईनं घातला. तिला डोळे दाखवायला लोणावळ्याला जायचं होतं. हौशीरामची जीप त्या दिवशी पंक्चर होती. ती धाकट्या बहिणीबरोबर सीतारामच्या गाडीतून गेली आणि संध्याकाळी डोळ्यांत औषध घालून, काळा चष्मा लावून परत आली ती गाडीचंच गुणगान करत.

"मी पट्टा लावला न्हाई तर रागावली वो माझ्यावर! लावला तवा गप बसली. चाळीस वर्सं तुमच्या जीपात बसले, कदी इचारलं का, रतन, नीट बसलीस का म्हनून?"

"मी आरशातनं बगायचो की!"

"बगायचा. इचारलं न्हाई."

त्या दिवशी दुसरीही भाकरी गेली.

माणसाला माणसाचा हेवा वाटला तर निदान त्याची खोड काढता येते. गाडीची काय खोड काढणार? हौशीराम सीतारामच्या दारावरून जाताना तिच्याकडे अशा नजरेनं बघायचा, जशी एखादी थोरली सून घरात आलेल्या शिकलेल्या जावेकडे बघते. एकदा तर कुणी नाही असं बघून त्यानं तिच्या दारावर बोटानं रेघ ओढून धूळ किती आहे ते पाहिलं. धूळ नव्हती. त्याला आणखी वाईट वाटलं.

शेवटी हा वाद मळवली स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेला. दर गुरुवारी हौशीराम तुंगार्लीहून सरोजिनीबाईंना घेऊन यायचा. बाई लोणावळ्याला शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यापासून भाज्याच्या शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला यायच्या, आणि मळवलीला चहा घेतल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. सीतारामही तिथंच बसला होता.

"बाई, तुमीच सांगा," हौशीराम म्हणाला. "हे आमचं साडू म्हनत्यात, गाडी ओरडती म्हनून मी पट्टा लावतो. मंग गाडी ओरडली न्हाई तर? म्हंजे अक्कल गाडीची, यांची न्हाईच!"

टपरीवरची चारपाच माणसं हसली. सीताराम म्हणाला, "आन तुमाला अक्कल हाय म्हनून तुमी अकरा माणसं बसिवता व्हय?" आता तीच माणसं उलट्या बाजूनं हसली.

सरोजिनीबाईंनी चहाचा घोट घेतला. "हे बघा, मी वर्गाबाहेर गेले की खरं कळायचं, कोण शहाणं आणि कोण नुसतं माझ्या डोळ्यांना घाबरून गप्प बसलेलं."

"ऐकलं का!" हौशीरामनं मांडीवर थाप मारली. "शहाण्याला मास्तर लागत न्हाई!"

"पण एक आहे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवलं, दोन मिनिटांच्या वर मी कधी बाहेर थांबले नाही."

हौशीरामनं बाईंना शाळेत सोडलं आणि तो तसाच घरी आला.

हे सगळं चाललं होतं तेव्हाच त्याच्या नातीचं, अपेक्षाचं, लग्न ठरलं. मुलगा तळेगावचा, आदिनाथ नावाचा, सरळ पोरगा. हौशीरामनं कुणाला न सांगता जीपला रंग दिला, दांडीची मखमल नवी केली, रतनबाईच्या जुन्या शालूची जरीची किनार कापून तिच्यावर शिवून घेतली. चव्वेचाळिसावी नवरी घरची होती. हिला पोचवून आलो की साडूच्या गाडीनं आयुष्यभर टिंगटिंग करावं, आपली हरकत नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

अपेक्षा तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स. अपघाताची माणसं येतात त्या वॉर्डात. ती सुट्टीला आली, नवी मखमल बघितली आणि आजोबांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आबा, रागावू नका. मी सीताराम आजोबांच्या गाडीतून जाते."

हौशीरामनं जीपकडे बघितलं.

"तुमच्या जीपला मागे पट्टेच नाहीत. दांडी धरून माणूस वाचत नाही हो, दांडीवरच आपटतं. मी रोज बघते."

"त्रेचाळीस पोरी गेल्या त्या दांडीला धरून. येक तरी आपाटली का?"

"नाही आपटली. तुम्ही चालवत होता म्हणून. पण समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या काय तुम्हीच चालवता का?"

पोरगी बोलली ते गोडीनं बोलली, पण हौशीरामला वाटलं, ही त्या पांढऱ्या गाडीचीच बोली बोलतेय. तो उठला आणि जीपवर ताडपत्री घातली.

हळदीच्या आदल्या दिवशी मांडवाला दोर हवा होता म्हणून तो सीतारामकडे गेला. सीताराम मागं परसात होता. गाडीचं दार सताड उघडं. हौशीरामनं आत डोकं घातलं. का घातलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि तिथं त्याला जे दिसलं त्यानं त्याला चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

ड्रायव्हरच्या सीटशेजारी, जिथं पट्टा अडकवतात त्या खाचेत, पट्ट्याची नुसती जीभ खोचलेली होती. पट्टा नाही, जीभ फक्त. बाजारात मिळते ती. पट्टा आपला वर खांबाला लटकलेला, नवाकोरा, घडीसुद्धा न मोडलेला. गाडीच्या तोंडात जीभ कोंबून साडूनं तिची बोलती बंद केली होती!

हौशीराम ती जीभ काढून खिशात घालून दोर न घेताच घरी आला. रतनबाईनं त्याला तीन भाकरी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. अपेक्षा पाटावर बसलेली, तोंड-हात पिवळे. बाया गाणी म्हणतायत, सीताराम नवा फेटा बांधून मिरवतोय. गाणं संपल्यावर हौशीराम पुढं आला आणि त्यानं ती जीभ सगळ्यांच्या मधोमध, हळदीच्या वाटीशेजारी ठेवली.

"ही बगा गुणी गाडी! साडू पट्टाच लावत न्हाईत. हिला गंडिवत्यात!"

बाया माना पुढं करून बघायला लागल्या. सीतारामच्या फेट्याखालचं तोंड लाल झालं. "अवो, पोटाला काचतंय... आन हितल्या हितं मळवलीपतुर..." असं काहीतरी तो बोलला. मग म्हणाला, "आन माज्या गाडीत तुमी कशाला शिरला व्हता, भाऊ?" हा प्रश्न बरोबर होता, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

हौशीराम नातीकडे बघत होता. आता तिनं फक्त म्हणायचं होतं, आबा, जीप काढा.

अपेक्षानं ती जीभ उचलली, पिवळ्या बोटांनी उलटसुलट करून बघितली.

"सीताराम आजोबा, हे बरं नाही केलं तुम्ही," ती म्हणाली. सीतारामनं मान खाली घातली. मग ती हौशीरामकडे वळली. "पण आबा, यांनी निदान पट्ट्याला फसवलं. तुमच्या जीपमध्ये फसवायलासुद्धा पट्टा नाही."

सगळ्यात आधी हसली ती रतनबाई. मग बाया सुटल्याच. एकीचा हळदीचा हात तोंडावर गेला आणि तिला पिवळ्या मिशा फुटल्या.

"मग आता?" कुणीतरी विचारलं.

"गाडी यांची," अपेक्षा म्हणाली, "किल्ली आबांकडे. दोघांनीही पट्टे लावायचे."

सीतारामला वाटलं आपली गाडी गेली. हौशीरामला वाटलं आपली जीप गेली. दोघंही त्या दिवशी जेवायला शेवटच्या पंगतीला, एकमेकांकडे पाठ करून बसले.

लग्न लागलं. दुपारी चारला पाठवणी निघाली. डाव्या चाकाखाली नारळ ठेवला, हौशीराम पट्टा लावून त्या पांढऱ्या गाडीत बसला. पट्टा छातीवर आडवा आला तेव्हा त्याला बैलाचं जू मानेवर आल्यासारखं झालं. सीताराम पुढं, शेजारी. मागं नवरा-नवरी आणि त्यांच्या मधे शिदोरीची पाटी, लाडू-करंज्यांनी भरलेली, वर लाल कापड बांधलेलं.

गाडी सुरू केली आणि टिंगटिंग सुरू झालं. सगळ्यांनी आपापले पट्टे बघितले. लावलेले होते. तरी टिंगटिंग.

"पाटी!" सीताराम म्हणाला. "जड हाय न्हवं, गाडीला वाटतंय माणूस बसलाय."

"पाटी डिकीत टाका," आदिनाथ म्हणाला. हे तो बोलायला नको होता. पाचसहा म्हाताऱ्या एकदम गाडीवर चालून आल्या. शिदोरी डिकीत? टायरशेजारी? शेवटी रतनबाईनं आत वाकून मधला पट्टा ओढला आणि पाटीला आडवा बांधला. खट्ट. गाडी गप्प.

"बगा," रतनबाई डोळे पुसत म्हणाली, "गाडीलाबी कळलं, अन्न हाय म्हनून."

हौशीरामनं नारळ फोडला. एका दमात, न हिसडता. कुणी वाहवा म्हटलं नाही, कारण सगळे पट्टा बांधलेल्या पाटीलाच हसत होते.

कार्ला फाट्यावरून जुन्या हायवेला लागले. वाटेत स्टेअरिंगनं त्याला एकदोनदा हळूच ढोसलं, जत्रेत शेजारचा कोपरानं ढोसतो तसं.

"रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर जाताय म्हनून ढोसती ती, भाऊ," सीताराम म्हणाला.

"खड्डा चुकिवतोय. तिला खड्डा दिसत न्हाई का?"

"खड्ड्याचं काय ठाव न्हाई."

"मंग मला शिकवू नगं म्हनावं."

कामशेतच्या अलीकडं पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. हौशीरामचा पाय ब्रेकवर गेला आणि तेवढ्यात गाडीनंही किंचाळून आपणहून ब्रेक मारला. थांबले. दोन हातांचं अंतर राहिलं.

"आदी कोन?" हौशीरामनं दबक्या आवाजात विचारलं. "पाय का गाडी?"

"गाडी."

"पाय आदी व्हता, साडू. तुमी पायाकडं बगत न्हवता."

"मी गाडीकडं बगत व्हतो. गाडी आदी."

"देवाची आन घ्या."

सीतारामनं आण घेतली नाही. पण मागं वळून बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. हौशीरामनं आरशात पाहिलं. अपेक्षा झोपली होती. पट्ट्यात अडकलेली, मान एका बाजूला, मुंडावळी नाकावर आलेली, गाढ झोपलेली.

आता हे नवीन होतं. त्रेचाळीस नवऱ्यांपैकी एकीनंही डोळा मिटला नव्हता. कामशेतपर्यंत रडायचं, वडगावला हुंदके, उतरताना सुजलेले डोळे, असं चालत आलेलं. आणि ही झोपली. हौशीरामच्या छातीत काहीतरी मोठं झालं. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, ही कुणाच्या भरवशावर झोपली? माझ्या, का या गाडीच्या?

तळेगावला सासूबाई ओवाळायला तांब्या-ताट घेऊन दारात उभ्या होत्या. झोपाळलेल्या सुनेकडे बघून त्या हसल्या. "किती छान गाडी हो! पोरगी झोपत आली."

"सहा फुगे हायेत," सीताराम लगेच म्हणाला.

हौशीराम हातात किल्ली घेऊन उभा होता. किल्ली सगळ्यांना दिसेल अशी त्यानं धरली होती. कुणी बघितली नाही. अपेक्षा पाया पडली, तिचे डोळे भरले, म्हणाली, "आबा, जाताना पट्टा लावा." त्या वाक्यात कौतुक कुठं लपलंय का ते हौशीरामनं शोधलं. सापडलं नाही.

परत निघताना त्यानं किल्ली सीतारामच्या हातात दिली. "तुमी चालवा."

"का वो, दमला?"

"दमलो न्हाई." हौशीराम मागं बसला, अपेक्षा बसली होती त्याच जागी, आणि पट्टा लावला. "बगायचंय. तुमी चालिवताना झोप लागती का."

सीतारामच्या लक्षात आलं. हा झोपला तर गाडी जिंकली. नाही झोपला, तर हाच जिंकला. सीताराम जन्मात चालवली नव्हती इतक्या हळुवार गाडी चालवायला लागला. खड्ड्याजवळ जवळजवळ उभाच राहायचा. आतला गारवा त्यानं एक बोट वाढवला. हौशीराम लग्नाच्या धावपळीत तीन दिवस धड झोपला नव्हता आणि सीट अशी मऊ की आजारपणात आईनं अंथरलेल्या गोधडीसारखी.

वडगाव गेलं. हौशीरामनं काच खाली घेतली, तोंडावर वारा घेतला. मांडीला चिमटा काढला. तंबाखूची पुडी तर रतनबाईकडे.

"भाऊ, झोपला का?" सीतारामनं अंगाई म्हणावी अशा आवाजात विचारलं.

"कोन झोपलंय? म्होरं बगा!"

कामशेत गेलं. कार्ला फाट्यावर सीतारामनं पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर यायला जरा उशीर झाला, पण आलं.

मळवलीचं फाटक बंद होतं. गाडी थांबली, सीतारामनं मागं वळून पाहिलं. हौशीराम ताठ बसला होता, डोळे असे मोठे करून की भुवया टोपीत गेल्या होत्या.

"जागा हाय मी," कुणी विचारायच्या आत तो म्हणाला. "सांगून ठिवतो, पुऱ्या वाटंला जागा व्हतो."

"मंग मगाशी घोरत कोन व्हतं?"

"तुमची गाडी," हौशीराम म्हणाला.